टोपली छापली, टेबल राहिले

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या साध्या वस्तूंच्या चित्रांविषयी जो लेख आला, त्याच्या मध्यभागी पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराचे सफरचंदांच्या टोपलीचे चित्र रंगीत छापले होते. ठाण्यातल्या एका शाळेत ३६ वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला वर्तमानपत्राच्या पानावर स्थिरचित्राला, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्राला, एवढी जागा मिळालेली पाहून जो आनंद व्हायचा तो झाला. परंतु हातातला चहा संपेपर्यंतही तो टिकला नाही. ते मुळातले आडवे चित्र पानाच्या तीन स्तंभांत बसावे म्हणून डावीकडून आणि उजवीकडून कापून उभे केलेले होते. टोपलीचा बराचसा भाग, बाटली, मधले पांढरे कापड आणि त्यावरची सफरचंदे एवढे उरले होते. ज्या टेबलावर हे सारे मांडलेले आहे त्याच्या दोन्ही बाजू गेल्या होत्या आणि डावीकडे खालच्या अंगाला असलेली चित्रकाराची सहीही त्यांच्याबरोबर गेली होती. सेझान आपल्या चित्रांवर क्वचितच सही करीत असे, आणि हे त्या थोड्या चित्रांपैकी एक आहे.

एवढ्यावरून मी पत्र लिहिले नसते. पान लावणाऱ्यांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. शाळेच्या वार्षिक अंकाचे काम मीही अनेक वर्षे केले आहे आणि त्यात मुलांची चित्रे कापल्याचे पापही माझ्या माथी आहे. परंतु गुरुवारच्या वाचकांच्या पत्रांत आमच्या ठाण्यातल्याच एका गृहस्थांनी असा प्रश्न विचारला आहे की, ज्याला साधी बाटली सरळ उभी काढता येत नाही त्याला थोर चित्रकार का म्हणायचे, आणि असेच चित्र आपल्या नववीतल्या मुलीने चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत काढले असते तर तिचे गुण कापले गेले नसते काय. त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. गुण निश्चित कापले गेले असते, आणि कापणाऱ्यांत मी पहिला असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपण कापून टाकलेल्या दोन पट्ट्यांत होते, म्हणून हे पत्र.

ज्यांनी मूळ चित्र पूर्ण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी ते नीट सांगणे भाग आहे. चित्र तैलरंगातले, सुमारे १८९३ सालचे, ६५ बाय ८० सेंटिमीटर आकाराचे असून ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. डावीकडे सफरचंदांनी भरलेली टोपली एका ठोकळ्यावर टेकवून पुढे कलती केली आहे, इतकी की प्रत्यक्षात ती अशी ठेवली तर आतली फळे टेबलावर घरंगळतील. काही घरंगळलेलीही आहेत आणि पांढऱ्या कापडाच्या चुण्यांत अडकून थांबली आहेत. मध्यावर गडद रंगाची बाटली आहे आणि ती टोपलीच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, कलली आहे. उजवीकडे मागे एका बशीत लांबट बिस्किटे, आपल्याकडे पावसाळ्याआधी सरपण रचून ठेवत तशी, एकावर एक आडवी-उभी रचली आहेत. त्यांतली खालची बाजूने पाहिल्यासारखी दिसतात आणि सर्वांत वरची किंचित उचलल्यासारखी. आता टेबल पाहा. पांढरे कापड टेबलाच्या पुढच्या कडेवरून खाली ओघळले आहे, त्यामुळे कडेचा मधला भाग झाकला गेला आहे. कापडाच्या डावीकडे ही कड ज्या उंचीवर कापडाखाली शिरते त्या उंचीवर ती उजवीकडे बाहेर येतच नाही. एकाच फळीची कड डावीकडे एका ठिकाणी आणि उजवीकडे दुसऱ्या ठिकाणी आहे. दोन वेगवेगळी टेबले कापडाखाली शिवून एक केली असावीत, असे ते दिसते.

बाटली एकटी वाकडी असती तर गृहस्थांचा आक्षेप मान्य करावा लागला असता. परंतु टेबल तुटलेले, बशीतली वरची बिस्किटे उचललेली, टोपली कललेली आणि बाटली तिच्याकडे झुकलेली असे सगळे एकदम पाहिले की हा हात चुकला आहे असे म्हणणे अवघड होते. मी एकदा उगाच म्हणून या चित्राच्या पूर्ण छापील प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून सगळ्या आकृत्या गिरवल्या, बाटली कापून काढली आणि ओळंब्यात धरल्यासारखी सरळ उभी करून पुन्हा चिकटवली. परिणाम असा झाला की टोपली एकदम निराधार वाटू लागली आणि उजवीकडची बशी टेबलावरून सरकून खाली जाईल असे वाटू लागले. हा माझा एकट्याचा अनुभव आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी करून पाहावा, अर्ध्या तासाचे काम आहे.

आपल्याकडे शासकीय रेखाकला परीक्षेत एलिमेंटरीला वस्तुचित्र असते आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र असते. स्टुलावर ड्रॉइंग बोर्ड ठेवायचा, त्यावर घागर, किटली किंवा कपबशी, दोन-तीन फळे अथवा वांगी-टोमॅटो, मागे रंगीत कापड सोडायचे आणि मुलांनी अर्धवर्तुळात बसून आपापल्या जागेवरून दिसेल तसे काढायचे, अशी ही पद्धत आहे. मध्यरेषा आखा, भांड्याच्या तोंडाचे लंबवर्तुळ दोन्ही बाजूंना सारखे करा, दृष्टिपातळी सांभाळा, पडछाया विसरू नका, ही वाक्ये मी इतक्या वेळा म्हटली आहेत की झोपेतही म्हणत असेन. या शिस्तीत यथार्थदर्शनाचा, म्हणजे जवळचे-दूरचे डोळ्यांना दिसते तसे सपाट कागदावर काढण्याचा, एक नियम गृहीत धरलेला असतो, तो हा की पाहणारा एका जागी बसला आहे, त्याची मान हलत नाही आणि तो जणू एकाच डोळ्याने पाहतो आहे. नवशिक्यासाठी हा नियम चांगला आहे आणि तो काढून टाकावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. फक्त तो नियम आहे, घरात आपण प्रत्यक्ष जसे पाहतो त्याचे वर्णन नव्हे, हे मला स्वतःला फार उशिरा कळले.

ते कळायला कारण झाला आठवीतला एक मुलगा. तांब्याची घागर, पाट आणि त्यावर टाकलेला पंचा अशी मांडणी होती. चित्र अर्धे झाले तेव्हा खिडकीतून ऊन थेट त्याच्या कागदावर येऊ लागले, म्हणून तो मला न विचारता स्टूल घेऊन हातभर बाजूला सरकला आणि तिथून उरलेले चित्र पुरे केले. पाटाची डावी बाजू एका जागेवरून पाहिलेली आणि उजवी दुसऱ्या. दोन्ही कडा पंचाच्या दोन्ही बाजूंना आल्या, पण एकमेकींना मिळेनात. मी लाल पेन्सिलने त्यावर आडवी रेघ ओढली. तो म्हणाला, "सर, पण दोन्हीकडून मी बघूनच काढलंय." मी त्याला दुसरा कागद दिला. पुढे काही वर्षांनी एका वाचनालयात सेझानच्या चित्रांचे मोठे पुस्तक चाळताना हे टोपलीचे चित्र समोर आले आणि मला तो पंचा आठवला. तो मुलगा सेझान नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. त्याचे ते चित्र इतर बाबतींतही कच्चेच होते, आणि पाटाच्या कडा जुळत नाहीत याची त्याला मी दाखवेपर्यंत जाणीवही नव्हती. सेझानने मात्र कापड बरोबर त्या जोडावर सोडले आहे. फरक तेवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. तरीही मुलाचे वाक्य खरे होते आणि माझी लाल रेघ त्याच्या अर्ध्या खरेपणावरूनही गेली होती.

वाचकांनी हा प्रयोग स्वयंपाकघरात करावा. ओट्यावर पाण्याचा तांब्या आणि शेजारी वाटी ठेवून उभे राहिले की तांब्याचे तोंड लंबगोल दिसते आणि आतले पाणीही दिसते. गुडघ्यावर बसून डोळे काठाच्या पातळीला आणले की तो लंबगोल मिटत मिटत एक रेघ होतो. परीक्षेत यातले एकच निवडायचे असते. पण पोळ्या लाटणारी बाई किंवा जेवायला बसलेला माणूस असा खिळलेला नसतो. तो ताटात वरून पाहतो, शेजारच्या भांड्याकडे बाजूने पाहतो, वाढायला वाकतो, मागे टेकतो, आणि या सगळ्या पाहण्यांतून त्याच्या मनात एकच जेवणाचे टेबल तयार होते. त्याला कधी ते तुटलेले वाटत नाही. सेझानने शेवटच्या वर्षी, सप्टेंबर १९०६ मध्ये, स्वतःच्या मुलाला लिहिलेल्या पत्रात नदीकाठच्या जागेविषयी असे म्हटले आहे की, जागा न बदलता नुसते थोडे उजवीकडे किंवा थोडे डावीकडे झुकले तरी महिनोन्महिने पुरेल इतके काम तिथे मिळेल. पुढच्याच महिन्यात तो वारला. नदीकाठी जे त्याला थोडे झुकून दिसत होते, तेच त्याआधी त्याने टेबलाजवळ पाहिले होते, असे मला वाटते.

गंमत अशी की आपल्या घराच्या बाहेर हीच गोष्ट आपल्याला खटकत नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातील, आता पालघरमध्ये गेलेल्या डहाणूच्या बाजूची वारली चित्रे ठाण्यात कितीतरी सोसायट्यांच्या भिंतींवर रंगवलेली आहेत. त्यांत धान्याचे खळे वरून पाहिल्यासारखे गोल असते आणि त्यात फिरणारे बैल व माणसे बाजूने पाहिल्यासारखी असतात. पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांपुढे उभे राहून, हे खळे आडवे का दिसत नाही, असे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. वारली चित्रकाराची रीत आणि सेझानची रीत एक आहे असे मी म्हणत नाही, त्यांच्या वाटा पूर्ण वेगळ्या आहेत. एवढेच, की एका चित्रात दोन ठिकाणांहून पाहणे हे आपल्या डोळ्यांना परके नाही.

सेझान हे सारे निष्काळजीपणे करीत असेल, असे समजण्यालाही जागा नाही. त्याची मांडणी प्रत्यक्ष पाहिलेल्या एका तरुण चित्रकाराने लिहून ठेवले आहे की, टेबलावर कापड पसरून झाल्यावर तो फळे एकेक करून ठेवी, लाल रंगाशेजारी हिरवा येईल असे पाही, आणि फळ हवे तसे कलावे म्हणून त्याखाली एक-दोन नाणी सारी. काम इतके संथ चाले की फुले सुकून जात, म्हणून तो कागदी फुले वापरत असे. व्होलार नावाच्या चित्रविक्रेत्याला त्याने व्यक्तिचित्रासाठी शंभराहून अधिक वेळा समोर बसवले आणि तो हलला की सफरचंद कधी हलते का म्हणून त्याला दरडावले, असे त्या विक्रेत्यानेच सांगितले आहे. अशा माणसाची बाटली चुकून वाकडी होत नाही. एमिल बर्नार या तरुण चित्रकाराला एप्रिल १९०४ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकू यांच्या साहाय्याने पाहावे, असा सल्ला दिला. हे वाक्य कलाशिक्षकांच्या तोंडी इतके रुळले आहे की घागर म्हणजे गोलावर दंडगोल हे पाचवीतले मूलही सांगते. त्याच वाक्यात तो सारे यथार्थदर्शनात बसवण्याविषयीही बोलतो, हे मात्र आम्ही क्वचित सांगतो, कारण मग त्याच्या टेबलाचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो.

गृहस्थांच्या पत्रात आणखी एक वाक्य आहे: घरातल्या टोपल्या-बाटल्या काढण्यात मोठेपण ते काय? त्यांच्या बाजूने सांगायचे तर हा प्रश्न जुना आणि प्रतिष्ठित आहे. फ्रान्सच्या शाही कला अकादमीने सतराव्या शतकातच चित्रविषयांची उतरंड लावून टाकली होती. सर्वांत वर पुराण व इतिहास, मग व्यक्तिचित्रे, आणि अगदी तळाशी फळे-फुले व भांडी. आपल्याकडेही निराळे काही नव्हते. सेझान ही टोपली मांडत होता त्याच सुमारास, १८९४ मध्ये, मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी गेल्या. तांब्या-भांडे त्या तसबिरीखालच्या फळीवरच राहिले. सेझानने मोठे काम केले ते हे की उतरंडीच्या तळाचा विषय घेऊन त्यावर पाहण्याचा सर्वांत अवघड प्रश्न सोडवायला घेतला. देवदेवता किंवा राजे टेबलावर असते तर लोकांनी त्यांची गोष्ट पाहिली असती. सफरचंदाला गोष्ट नसते, त्यामुळे ते कुठून पाहिले एवढेच उरते.

त्या काळच्या पॅरिसलाही ते सहज पटले नाही. नोव्हेंबर १८९५ मध्ये त्याच व्होलारने त्याचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेव्हा सेझान ५६ वर्षांचा होता. हे टोपलीचे चित्र त्या प्रदर्शनात होते. सामान्य प्रेक्षक हसले, चित्रकारांनी मात्र चित्रे विकत घेतली. पुढे पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी तुटलेल्या टेबलाचा धागा कुठवर नेला हे आपल्या लेखात आलेच आहे, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. पिकासोच्या १९१२ मधल्या एका लहानशा लंबगोल चित्राचा उल्लेख मात्र राहून गेला. त्यात त्याने वेताच्या विणीची नक्षी छापलेले खरेखुरे मेणकापड चिकटवले आणि चौकटीऐवजी दोर गुंडाळला. आपल्याकडे जेवणाच्या टेबलावर असे मेणकापड कोणाच्या घरी नव्हते? त्या चित्रात वर्तमानपत्राचे नावही आहे, पण पूर्ण नाही, पहिली तीनच अक्षरे. बाकीची चित्रकाराने कापली. तेव्हा चित्र आणि वर्तमानपत्र यांच्यातली ही उधारी आपल्या पुरवणीने परवा फेडली, असे समजून मी स्वतःची थोडी समजूत काढून घेतली.

अशा चित्रांचे मोल प्रथम कोणाला कळले याचाही एक किस्सा सांगण्याजोगा आहे, कारण त्यातला माणूस आपल्या देशाच्या चलनाचा अभ्यासक होता. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स मार्च १९१८ मध्ये पॅरिसला गेले असताना देगा या दिवंगत चित्रकाराच्या संग्रहाचा लिलाव चालू होता आणि शहरावर जर्मन तोफांचे गोळे पडत असल्यामुळे भाव उतरले होते. ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी सरकारी पैशातून खरेदी व्हावी म्हणून केन्स यांनी खटपट केली होती. संग्रहालयाच्या संचालकांनी सेझान घेतला नाही. केन्स यांनी स्वतःच्या पैशाने सेझानची सात सफरचंदे घेतली. आपल्या अर्ध्या पानापेक्षाही लहान असे ते चित्र आहे. परतताना ससेक्समधल्या मित्रांच्या घरी जाण्यासाठी मोटारीतून उतरल्यावर सामान जड झाले, म्हणून ते चित्र त्यांनी रस्त्याकडेच्या कुंपणात ठेवले आणि घरी जाऊन सांगितले की बाहेर झुडपात सेझान आहे, कोणीतरी जाऊन आणा. आज ते केंब्रिजच्या संग्रहालयात आहे.

आणि हे सगळे फ्रान्स-इंग्लंडचेच आहे असेही नाही. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले चित्रकार के. एच. आरा लहानपणी मुंबईत येऊन घरगडी म्हणून राबले आणि मोटारी धुतल्या, आणि पुढे आयुष्यभर त्यांनी फुलदाण्या, फळे आणि भांडी रंगवली. आरांनी ज्या भांड्यांची चित्रे काढली तसली भांडी ते एके काळी दुसऱ्यांच्या घरी घासत होते, हा विचार त्यांचे चित्र पाहताना माझ्या मनातून जात नाही. त्यांच्यावर आपल्या पुरवणीत स्वतंत्र लेख यावा, अशी विनंती या निमित्ताने करून ठेवतो.

मूळ मागणी मात्र लहान आहे. सेझानचे ते चित्र पुन्हा एकदा छापावे. रंगीत नसले तरी चालेल, दोन स्तंभांच्या रुंदीचे असले तरी चालेल, फक्त आडवे आणि चारही कडांसह असावे. त्याखाली ओळींचा मजकूर नसला तरी हरकत नाही. माझे सहकारी असलेले कलाशिक्षक ते कापून वर्गाच्या फलकावर लावतील, आणि पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांच्या मुलीला कंपासपेटीतली पट्टी टेबलाच्या डाव्या कडेला लावून ती कापडाच्या पलीकडे कुठे निघते हे स्वतः मोजता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षक
नौपाडा, ठाणे